पुढाकार कुणाचा, जबाबदारी कुणाची?

मराठी वाहिनीवर मालिकेचा भाग संपतो तेव्हा श्रेयनामावली पडद्याच्या कोपऱ्यात ढकलली जाते आणि उरलेल्या जागेत पुढच्या मालिकेची जाहिरात सुरू होते. लेखक, संकलक, छायालेखक यांची नावं वाचायला डोळे ताणावे लागतात. निर्मात्याचं नाव वाचता आलं तरी प्रेक्षकाला त्याचं फारसं काही वाटत नाही. निर्माता म्हणजे पैसे घालणारा माणूस, ही आपली समजूत पक्की आहे. सिनेमाच्या बाबतीत ती अर्धीच खरी होती आणि मालिकांच्या बाबतीत आज ती साफ खोटी आहे, कारण मालिकेला पैसे वाहिनी देते. मग निर्माता नेमकं काय करतो, आणि काम संपल्यावर त्याच्या हाती काय उरतं? माझं म्हणणं असं की गेल्या पंचवीस वर्षांत मराठी निर्मात्याचा कंत्राटदार झाला आहे. हे काळाच्या ओघात आपोआप घडलेलं नाही, करारनाम्यातल्या दोन-तीन कलमांनी घडवलेलं आहे. आणि कलमं माणसांनी लिहिलेली असतात, ती बदलता येतात.

हे नीट समजून घ्यायला स्मिता तळवलकरांच्या कारकिर्दीइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. त्या दोन्ही व्यवस्थांमध्ये काम केलेल्या पिढीच्या. जन्म १९५४चा. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगणारा चेहरा म्हणून महाराष्ट्राला त्या आधी माहीत झाल्या, आणि हे काम त्यांनी सुमारे सतरा वर्षं केलं. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळात बातम्या एकच केंद्र देत असे, त्यामुळे निवेदिकेची साडीसुद्धा दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात चर्चेचा विषय व्हायची. एवढी ओळख हाताशी असलेल्या बाईने अभिनयात रमून जाणं सोपं होतं. चित्रपटांतून त्यांनी कामं केलीही. पण १९८९मध्ये ‘अस्मिता चित्र’ या आपल्या संस्थेतर्फे त्यांनी ‘कळत नकळत’ काढला, कांचन नायक यांच्या दिग्दर्शनाखाली.

ती वेळ लक्षात घ्यायला हवी. ‘धूमधडाका’ १९८५चा, ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा. विनोदाची लाट भरात होती आणि लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ यांच्या तारखा मिळाल्या की वितरक खूश असत. अशा बाजारात विवाहबाह्य संबंधामुळे एका मध्यमवर्गीय घराचं आणि त्यातल्या मुलांचं काय होतं, हा विषय घेऊन उतरायचं होतं. त्या सिनेमात अशोक सराफ होतेच, मात्र मुलांचा राग घालवणाऱ्या मामाच्या भूमिकेत. ‘कळत नकळत’ला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अनुराधा पौडवाल यांनाही त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी ‘चौकट राजा’ आला. १९९१ हे मराठीत ‘माहेरची साडी’चं वर्ष म्हणून ओळखलं जातं. थिएटरांतून बायका रडत बाहेर पडत होत्या, गावोगावी एसटीने लोक सिनेमाला येत होते. त्याच वर्षी बौद्धिक वाढ खुंटलेल्या एका प्रौढ माणसाला नायक करणारा, दिलीप प्रभावळकरांच्या खांद्यावर उभा असलेला सिनेमा काढायचा, तोही दिग्दर्शक म्हणून तेव्हा नवे असलेल्या संजय सूरकरांच्या हाती देऊन. हा निर्णय पैसे घालणाऱ्याचा नव्हे. तो वाचणाऱ्याचा, माणसं ओळखणाऱ्याचा आणि वर स्वतःचे पैसेही अडकवणाऱ्याचा निर्णय आहे.

सूरकरांवरचा विश्वास पुढे टिकला. ‘तू तिथं मी’ (१९९८) त्यांचाच. निवृत्तीनंतर मुलांच्या सोयीसाठी वेगवेगळ्या घरांत वाटून घेतलं गेलेलं म्हातारं जोडपं, मोहन जोशी आणि सुहास जोशी. पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार. ‘सातच्या आत घरात’ (२००४) त्यांचाच, आणि छोट्या पडद्यावरची मृणाल कुलकर्णींची ‘अवंतिका’ही. मधल्या काळात ‘सवत माझी लाडकी’ तळवलकरांनी स्वतः दिग्दर्शित केला. नव्या मुलांना अभिनय शिकवणारी अकादमी काढली. शेवटची चार-पाच वर्षं कर्करोगाशी झगडत त्या काम करत राहिल्या आणि ६ ऑगस्ट २०१४ रोजी, साठी गाठण्याच्या महिनाभर आधी, गेल्या.

पंधरा वर्षांत एकाच संस्थेकडून, बहुतांशी त्याच माणसांना बरोबर घेऊन, एकाच सुराचे सिनेमे येत राहणं ही मराठीत दुर्मीळ गोष्ट आहे. त्या सुराबद्दल तक्रार करता येते. माझीही आहे. हे सगळं शहरी, पांढरपेशा, बऱ्यापैकी सुरक्षित घरांचं जग आहे आणि त्यातल्या भांडणांचा शेवट बहुधा समजूतदारपणात होतो. पण सूर असणं महत्त्वाचं. ‘अस्मिता चित्र’चा सिनेमा म्हटल्यावर प्रेक्षकाला आपण काय बघायला जातोय याचा अंदाज असे. प्रभातच्या तुतारीला तो मान होता, व्ही. शांतारामांच्या राजकमलला होता, दादा कोंडक्यांच्या नावाला तर होताच. आज मराठीत कोणत्या निर्मितीसंस्थेचं नाव पाहून कुणी तिकीट काढतं?

आता निर्मात्याच्या कामाकडे येऊ. कॉपीराइट कायद्याने, म्हणजे १९५७च्या अधिनियमाने, चित्रपटाचा कर्ता कोण हे ठरवून टाकलं आहे. चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नव्हे, लेखक नव्हे. अनेक दिग्दर्शकांना हे खटकतं आणि त्यांचं खटकणं समजण्यासारखं आहे. पण निर्मात्याला हा मान कशासाठी, हेही कायद्याने व्याख्येतच सांगितलंय: कलाकृती घडवण्यात जो पुढाकार घेतो आणि तिची जबाबदारी उचलतो, तो निर्माता. या व्याख्येत पैशाचा उल्लेखच नाही. पुढाकार म्हणजे गोष्ट निवडणं, ती कुणी लिहावी आणि कुणी दिग्दर्शित करावी हे ठरवणं. जबाबदारी म्हणजे बाकी सगळं. लोकेशनच्या परवानग्या, नटांच्या तारखांची जुळवाजुळव, जनरेटरचं भाडं, पाऊस आला तर वाया गेलेली शिफ्ट, स्पॉटबॉयचं जेवण, डबिंग, सेन्सॉर, प्रसिद्धी, आणि प्लाझाला किंवा भारतमाताला आठवडा मिळेल का याची धाकधूक. हे दोन्ही एकाच माणसाने केलं, म्हणून मालकीही त्याची. हिशेब सरळ होता.

दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचं युग १९८४च्या ‘हम लोग’पासून सुरू झालं, तेव्हाही हा हिशेब बऱ्याच अंशी तसाच राहिला. निर्माता कल्पना घेऊन मंडी हाऊसला, म्हणजे दूरदर्शनच्या दिल्लीतल्या मुख्यालयात, किंवा वरळीच्या मुंबई केंद्रात जायचा. मंजुरी मिळाली की प्रायोजक शोधायचा. दूरदर्शनला प्रक्षेपण शुल्क भरलं जायचं आणि त्याच्या बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं मिळायची. ती विकून निर्मितीचा खर्च काढायचा. विकली गेली नाहीत तर खड्ड्यात जायचं. पण मालिका निर्मात्याची राहायची. दुर्गा खोटे यांच्या निर्मितीसंस्थेने ‘वागळे की दुनिया’ केली ती याच जगात, आणि रामानंद सागरांनी २५ जानेवारी १९८७पासून ‘रामायण’ दाखवलं तेही याच जगात. ही व्यवस्था स्वर्ग होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मंजुरीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत, ओळखीपाळखी चालत, आणि चांगल्या कल्पना फायलीत मरत. तरीही एक गोष्ट खरी होती की दार उघडलंच, तर आत गेल्यावर घर तुमचं असायचं.

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आली, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी, २००८मध्ये स्टार प्रवाह. मराठी मालिकांना कधी नव्हे ती मागणी आली, शेकडो लोकांना नियमित काम मिळालं, रंगभूमीवरच्या नटांचा संसार पहिल्यांदा महिन्याच्या पगारासारखा चालू लागला. यात वाईट काही नाही. मात्र या वाहिन्यांनी मालिका घेण्याची पद्धत बदलली. वाहिनी दर भागाला ठरलेली रक्कम देणार, निर्मात्याने त्या रकमेत भाग करून द्यायचा, उरलं ते त्याचं. जाहिराती वाहिनी विकणार. आणि भागाची मालकी कायमची, जगभर, सर्व माध्यमांसाठी, आज माहीत असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्यासुद्धा, वाहिनीची. हे शेवटचे शब्द मी रंगवून सांगत नाही. करारनाम्यांची भाषा जवळपास अशीच असते.

याला कायद्याचा आधारही आहे. त्याच कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमात एक पोटकलम आहे: मोबदला घेऊन दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून चित्रपट केला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी त्या सांगणाऱ्याची. लग्नाचे फोटो काढणाऱ्या छायाचित्रकाराला लागू पडणारं हे कलम आहे, त्यात फोटो, चित्र, व्यक्तिचित्र असं सगळं एकत्र बसवलेलं आहे. त्याच ओळीत चित्रपट येऊन बसला आणि टीव्ही आल्यावर मालिका आपोआप त्यात गेली. वाहिनी म्हणाली, कल्पना आमची, संशोधन आमचं, आम्ही सांगितलं म्हणून तुम्ही केलंत. हळूहळू ते खरंही होत गेलं. गोष्ट वाहिनीच्या मुंबईतल्या कार्यालयात ठरते, नायिकेची साडी तिथे ठरते, गुरुवारी टीआरपी आला की कथेचं वळण तिथे बदलतं, सासू खलनायिका व्हावी की कोमात जावी हेही तिथेच. निर्मात्याकडे निरोप येतो. म्हणजे कायद्याच्या व्याख्येतले दोन भाग वेगळे झाले. पुढाकार वाहिनीकडे गेला, जबाबदारी निर्मात्याकडे राहिली. पाऊस आजही त्याच्याच शिफ्टवर पडतो.

जबाबदारीचं ओझं किती, हे ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा मढला एखाद्या मालिकेच्या सेटवर दिवस काढला की कळतं. रोज एक भाग संपवायचा. नायिकेला ताप आला, तरी संध्याकाळी टेप गेलीच पाहिजे, असं अजूनही म्हणतात, टेप कधीच्या गेल्या तरी. हाताशी चार-पाच तयार भागांची ‘बँक’ असली तर निर्माता नशीबवान. वाहिनीकडून पैसे यायला वेळ लागतो, कलाकार आणि तंत्रज्ञांना तर नव्वद दिवसांनी पैसे मिळणं ही या धंद्याची रीतच झाली आहे. मधल्या तीन महिन्यांचा खर्च कुणी चालवायचा? निर्मात्याने, कर्ज काढून. ज्युनिअर कलाकारांचे पैसे थकले, की बातमीत नाव निर्मात्याचं येतं आणि येणं योग्यच आहे, कारण करार त्याच्याशी झालेला असतो. काही निर्माते पैसे बुडवतातही, त्यांची बाजू घ्यायचा माझा विचार नाही. पण ज्या मालिकेतून पुढची वीस वर्षं काहीच मिळणार नाही, तिच्यात निर्माता आजच्या भागात चार पैसे वाचवायलाच बघणार. मालिकांचा दर्जा घसरला म्हणून आपण लेखकांना शिव्या घालतो. पाच भागांत मिळून एकच सेट, सणाच्या नावाखाली ताणलेला आठवडा, एकाच प्रसंगावर तीन वेळा फिरणारा कॅमेरा, यामागे बहुतेक वेळा लेखणीपेक्षा हिशेबाची वही असते.

मालकी असण्या-नसण्याने काय फरक पडतो, याचा पुरावा करोनाच्या टाळेबंदीने दिला. मार्च २०२०मध्ये चित्रीकरणं थांबली आणि सगळ्या वाहिन्यांनी जुन्या मालिका बाहेर काढल्या. दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, पण त्याआधी त्यांना सागर कुटुंबाशी बोलावं लागलं, कारण हक्क त्यांच्याकडे होते. तेहतीस वर्षांनंतरही. खासगी वाहिन्यांनाही त्या काळात पुनःप्रक्षेपणाने तारून नेलं, पण कंत्राटी पद्धतीने केलेल्या मालिकांसाठी त्यांना निर्मात्याला विचारावं लागलं नाही. कामच बंद असलेल्या त्या महिन्यांत जुन्या कामाचे थोडे पैसे मिळाले असते, तर किती तंत्रज्ञांची घरं सावरली असती, हा विचार तेव्हाही मनात आला होता.

वाहिन्यांचं यावर उत्तर तयार असतं, आणि ते पोकळ नाही. पैसे आम्ही घालतो, मालिका पडली तर नुकसान आमचं, निर्मात्याला त्याचं मार्जिन मिळतंच. मग मालकी त्याला का द्यायची? यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा अर्धवट. मालिका पडली की ती दोन-तीन महिन्यांत गुंडाळली जाते आणि सेटवर घातलेला पैसा, घेतलेलं कर्ज, अडवलेल्या नटांच्या तारखा हे सगळं निर्मात्याच्या अंगावर पडतं. जोखीम वाटून घेतली जाते, फळ वाटून घेतलं जात नाही. शिवाय मालकी म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, असं असायचं कारण नाही. वाहिनीने पहिल्या प्रक्षेपणाचे आणि ठरावीक वर्षांच्या पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकत घ्यावेत, त्यानंतर ते निर्मात्याकडे परत यावेत, अशी सोय करता येते. ब्रिटनने २००३च्या संचार कायद्यात नेमकं हेच केलं. तिथल्या सार्वजनिक सेवा वाहिन्यांनी स्वतंत्र निर्मात्यांशी न्याय्य अटींवर व्यवहार करावा, आणि मोठ्या वाहिन्यांनी निर्मात्याकडून प्रक्षेपणाचा परवाना घ्यावा पण मूळ हक्क त्याच्याकडे राहावेत, यासाठी नियामकाच्या देखरेखीखाली आचारसंहिता आली. त्यानंतर ब्रिटिश वाहिन्या बुडाल्या नाहीत. उलट तिथल्या निर्मितीसंस्था मोठ्या झाल्या, त्यांचे कार्यक्रम आणि कार्यक्रमांचे आराखडे परदेशी विकले जाऊ लागले. ओटीटीवाले पुन्हा एकरकमी सगळेच हक्क मागू लागले आहेत, म्हणजे भांडण तिथेही संपलेलं नाही. पण निदान भांडायला तिथल्या निर्मात्यांच्या पायाखाली जमीन आहे.

इथे निर्मात्यांच्या तोंडावर एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार, संगीतकार, लेखक यांना त्यांच्या कामाच्या पुढच्या वापरातून स्वामित्वधन मिळण्याचा हक्क मिळाला, तोही असा की करारात लिहून घेतलं तरी तो निर्मात्याला देऊन टाकता येणार नाही. राज्यसभेत जावेद अख्तर त्यावर तळमळीने बोलले होते. तेव्हा याला विरोध कुणी केला? बऱ्याच निर्मात्यांनी. एकदा पैसे दिले, विषय संपला, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज वाहिनी त्यांना अगदी त्याच शब्दांत उत्तर देते. मराठी निर्मात्यांना आपले हक्क हवे असतील तर लेखक, दिग्दर्शक, नट यांच्याशी त्यातला वाटा आधी ठरवूनच ते मागावे लागतील. एकट्याने मागितलं, तर ती फक्त एका मालकाची दुसऱ्या मालकाशी तक्रार ठरेल आणि कुणाला तिच्याशी देणंघेणं राहणार नाही.

मालकी गमावलेल्या निर्मात्याचं काय होतं, याचं उदाहरण शोधायला दूर जायला नको. आपल्या सिनेमाची सुरुवातच तिथून आहे. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून, पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर हात घालून सिनेमाची सामग्री आणली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवला. पुढाकार त्यांचा, जबाबदारी त्यांची, मालकी त्यांची. पुढे भांडवल हवं म्हणून १९१८मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदारांशी खटके उडाले, फाळके राजीनामा देऊन काशीला गेले, नाटक लिहिलं, परत आले, पण पूर्वीसारखे मालक राहिले नाहीत. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या धंद्यात त्यांच्या हाती काही नव्हतं. आपण त्यांच्या नावाने पुरस्कार देतो, गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचं नाव दिलंय. त्यांच्या आयुष्यातला हा दुसरा भाग मात्र सत्काराच्या भाषणांत येत नाही.

सिनेमाची बाजू मालिकांपेक्षा बरी आहे, असं वाटेल. सिनेमाचा मालक आजही निर्माताच. ‘चौकट राजा’चे हक्क कायद्याने २०५१पर्यंत चालतील, चित्रपटाला प्रदर्शनानंतर साठ वर्षांचं संरक्षण असतं. पण प्रत्यक्षात बहुतेक मराठी निर्मात्यांनी उपग्रह वाहिन्यांच्या सुरुवातीच्या काळात आपले ‘निगेटिव्ह राइट्स’, म्हणजे सिनेमाचे कायमचे हक्क, मिळेल त्या भावाला विकून टाकले. पुढच्या सिनेमासाठी किंवा मागच्याचं कर्ज फेडण्यासाठी रोख हवी होती. तेव्हा यूट्यूब कुणाला माहीत होतं? आज जुना मराठी सिनेमा फोनवर बघताना खाली ज्या कंपनीचं नाव दिसतं, तिचा तो सिनेमा घडवण्याशी बहुधा काडीचाही संबंध नसतो. जाहिरातीचे पैसे मात्र तिला मिळतात.

याच्या उलट उदाहरण प्रभातचं. कंपनी बंद पडली, स्टुडिओ सरकारकडे गेला, तिथे १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण प्रभातचे चित्रपट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या दामल्यांच्या कुटुंबाने पुन्हा मिळवले आणि जपले. ‘संत तुकाराम’ आज नव्या पिढीला बघायला मिळतो, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाइतकाच या हट्टाचा वाटा आहे. २००३मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली, तेव्हा हेही कळलं की फक्त सरकारी गोदामावर अवलंबून राहणं किती महागात पडतं. ज्याचं नाव त्या सिनेमाशी बांधलेलं आहे, असा कुणीतरी धनी प्रत्येक सिनेमाला लागतो.

राज्य सरकार यात काय करतं? १९७०च्या दशकात महाराष्ट्राने करपरतावा योजना आणली. मराठी सिनेमाने भरलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा, मात्र पुढचा मराठी सिनेमा काढण्यासाठी. योजनेत पळवाटा होत्या, तिचा गैरवापरही झाला. पण तिच्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. एक सिनेमा काढून थांबू नका, दुसरा काढा, असं ती योजना सांगायची. निर्माता हा सातत्याने घडणारा माणूस आहे, हे तिला कळलं होतं. आता करमणूक कर जीएसटीत विरून गेला आणि त्याच्या खूप आधीच योजना बदलून अनुदान आलं. समिती तयार सिनेमा बघते, दर्जा ठरवते, ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख अशी रक्कम मिळत आली. गरजू निर्मात्याला याचा आधार आहे हे मान्य. पण पैसे सिनेमा झाल्यानंतर, बऱ्याचदा खूप उशिरा मिळतात, आणि पहिला सिनेमा काढणारा व दहावा काढणारा यांत ही योजना फरक करत नाही. मग जमिनीच्या किंवा साखरेच्या पैशातून एकदा हौस भागवून परतणारे निर्माते वाढतात. दरवर्षी नवी नावं, नवे बॅनर, नवा मुहूर्ताचा नारळ. पाच वर्षांनी त्यातले किती उभे असतात ते कोणत्याही वितरकाला विचारा.

एखादी तळवलकर पुन्हा घडायची असेल तर या साखळीत काही गोष्टी बदलाव्या लागतील. अनुदानाचा मोठा हिस्सा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिनेमाला, पटकथेच्या टप्प्यावर, बांधलेला असावा. अनुदान घेणाऱ्याने सिनेमाची उत्तम प्रत संग्रहालयात जमा करावी आणि मूळ हक्क निदान दहा वर्षं विकू नयेत, अशी अट घालता येते. वाहिनीच्या कराराबाबत राज्य सरकारचे हात बांधलेले आहेत, प्रसारण आणि कॉपीराइट हे दोन्ही केंद्राचे विषय. त्यामुळे सतराव्या कलमातून मालिका वगळण्याची, किंवा ठरावीक काळाने हक्क निर्मात्याकडे परत येण्याची मागणी दिल्लीत करावी लागेल, आणि ती मराठी निर्मात्यांनी बंगाली, मल्याळी, तमिळ निर्मात्यांना बरोबर घेऊन केली तरच ऐकली जाईल. मराठी चित्रपट महामंडळाच्या निवडणुका गाजतात. त्यांच्या प्रचारात मी हा मुद्दा आजवर ऐकलेला नाही.

तोवर एक काम कायदा न बदलताही होण्यासारखं आहे. कलमातच म्हटलंय की वेगळा करार नसेल तरच मालकी काम सांगणाऱ्याची. राज्य सरकारची वेगवेगळी खाती आणि महामंडळं दरवर्षी माहितीपट, जाहिरातपट, अगदी मालिकासुद्धा करवून घेतात. त्या करारांत सर्व हक्क शासनाचे, असा एक ठरलेला परिच्छेद असतो. सांस्कृतिक कार्य विभागाने एका शासन निर्णयाने तो परिच्छेद बदलावा: शासनाला वापराचा कायम परवाना, मूळ हक्क निर्मात्याकडे, आणि त्यात लेखक-दिग्दर्शकाचा ठरलेला वाटा. त्यासाठी तिजोरीतून एक रुपया जात नाही. वाहिन्यांशी बोलणी करायला बसताना निर्मात्यांच्या हातात निदान एक छापील नमुना तरी असेल.